पोलंडहून पुण्याला, न्यूयॉर्कवरून

“न्यूयॉर्क,” ढोबळे म्हणाले. “आजपण न्यूयॉर्क.”

मी खुर्ची सरकवून त्यांच्या पडद्यात डोकावले. पोलंडमधून निघालेली माहिती पुण्याला यायची होती. ती फ्रँकफर्टला गेली, लंडनला गेली, तिथून अख्खा अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला पोचली आणि मग सिंगापूर, मुंबई करत आमच्या दारात आली. एकोणीस मुक्काम.

“मंचरहून पुण्याला यायचं तर कुणी नागपूरला जातं का, बाई?”

“मला काय विचारता? पाठवणारी ती पोलंडची बाई आहे. तिला विचारा.”

“तिला तुम्ही सात दिवस विचारताय.”

ते खरं होतं, म्हणूनच मला राग आला. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा वाजले होते. दोन वाजून दहा मिनिटांनी पोलंडमधली ती मोठी रेडिओ दुर्बीण आमच्यासाठी आकाशाकडे वळणार होती आणि साडेतीनला आमच्याकडून तो तारा मावळणार होता. मधली ऐंशी मिनिटं काय ती आमची.

खोलीत तिसरी होती रुखसाना अत्तार. ती टेबलाच्या कोपऱ्यावर वही घेऊन बसली होती आणि काही बोलत नव्हती. खरं म्हणजे त्या दिवशी जे काही पणाला लागलं होतं, ते तिचंच होतं.

ही मार्च २०१० ची गोष्ट. विद्यापीठं आणि संशोधन संस्था यांना जोडणारं एक नेटवर्क होतं, त्याचं पुण्याचं केंद्र मी सांभाळत होते. वय सत्तावन्न. ढोबळे पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर. टेलिफोन खात्यात खांबावर चढून तारा जोडण्यापासून सुरुवात केलेला माणूस. कुठल्या खोलीतली कुठली वायर कुठं जाते, हे त्यांना डोळे मिटून सांगता यायचं. रुखसाना सोलापूरची, सव्वीस वर्षांची, खगोलशास्त्रात पीएच.डी. करणारी.

आठ दिवसांपूर्वी हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याचा स्फोट झाला होता. असे स्फोट होतात तेव्हा ताऱ्यातून निघालेला वायू फुग्यासारखा चहूबाजूंनी गोल पसरतो, असं बहुतेकांचं म्हणणं. रुखसानाचं गणित म्हणत होतं की या जातीच्या ताऱ्यात तसं होत नाही, वायू दोन विरुद्ध दिशांना दोन धारा होऊन सुटतो. नवव्या दिवशी त्या दोन धारा एकमेकींपासून इतक्या दूर जातील की त्या वेगळ्या दिसू शकतील. त्यानंतर त्या विझत जातील. नववा दिवस म्हणजे आज.

इतकं बारीक बघायला एक दुर्बीण पुरत नाही. एकमेकींपासून हजारो किलोमीटर लांब असलेल्या दोन दुर्बिणींनी एकाच वेळी बघायचं आणि दोघींची माहिती एकत्र करायची, म्हणजे जणू तेवढा मोठा एकच डोळा तयार होतो. आमची एक पारनेरजवळच्या माळावर होती, दुसरी पोलंडमध्ये. माहिती एकत्र करणारी यंत्रं पुण्यात, आमच्या खालच्या मजल्यावर.

“डिस्कवर भरून मागवता येणार नाही का?” मी पहिल्याच दिवशी रुखसानाला विचारलं होतं.

“येईल की, मॅडम. पण मग मला आंधळ्यासारखं बघावं लागेल. पहिल्या वीस मिनिटांत काय दिसतंय त्यावरून ठरवायचंय की पुढं दुर्बीण कशी लावायची. डिस्क दहा दिवसांनी येणार. तोवर तारा विझला.”

तिच्या मार्गदर्शकांनी तिला सकाळीच फोनवर सांगितलं होतं, “आज दिसलं तर ठीक. नाहीतर ते प्रकरण प्रबंधातून काढून टाक. तीन वर्षं एका कल्पनेमागं घालवलीस, पुरे.” हे तिनं मला सांगितलं नव्हतं. ढोबळ्यांना सांगितलं होतं, चहा पिताना. ढोबळ्यांनी मला सांगितलं.

आमच्याकडे पोलंडहून यायला दोन वाटा होत्या. एक संशोधनासाठी राखलेली, रुंद आणि मोकळी. दुसरी बाजारातली, जिच्यावरून सगळं जग ये-जा करतं. रुखसानाला सेकंदाला पाचशे मेगाबिट हवे होते. बाजारातली वाट एकशे पंचावन्नाची होती आणि तीही दुपारी तुंबलेली. रुंद वाट रिकामी पडली होती आणि माहिती मात्र गर्दीतून धापा टाकत येत होती.

माझ्या मते दोष पोलंडकडे होता. तिकडच्या शैक्षणिक नेटवर्कचं काम हाना नावाची बाई बघायची, पोझनान शहरात बसून. आम्ही कधी भेटलो नव्हतो. सात दिवस मी तिला लिहीत होते: तुमचे नियम तपासा, आमच्याकडे येणारी माहिती संशोधनाच्या वाटेनं सोडा. आणि ती दर वेळी उत्तर देत होती: तपासले, तुमच्या वाटेला मी सगळ्यात वरचा मान दिला आहे, आता कृपया तुमची यादी वाचून दाखवा.

ही यादी म्हणजे काय ते सांगायला हवं. जगातलं प्रत्येक नेटवर्क आपल्या शेजाऱ्यांना सतत सांगत असतं की अमुक अमुक पत्ते माझ्याकडे आहेत, त्यांचं जे काही असेल ते माझ्याकडे द्या. शेजारी ते आपल्या शेजाऱ्यांना सांगतात. कुणाचं ऐकायचं, कुठली वाट आधी धरायची, हे ज्यानं त्यानं आपल्या घरात ठरवायचं. वर कुणी साहेब नाही आणि कुणाचा हुकूम कुणावर चालत नाही. त्यामुळे आमच्या या कामात यंत्रांपेक्षा माणसांशी बोलणंच जास्त.

आणि बोलण्याची एक रीत ठरलेली होती. तीन वर्षांपूर्वी दोन देशांतल्या दोन इंजिनियरांनी एकच बिघाड एकाच वेळी आपापल्या बाजूनं दुरुस्त केला होता, आणि त्या दुहेरी दुरुस्तीनं सहा तास सगळं उलटसुलट झालं होतं. तेव्हापासून असा नियम केला की बदल करायचा तर सगळ्यांनी फोनवर यायचं. आधी प्रत्येकानं आपण जगाला काय सांगतो आहोत ते मोठ्यानं वाचायचं. मग एकानंच बदल करायचा आणि बाकीच्यांनी ‘हात वर’ म्हणायचं, म्हणजे आमची बोटं कीबोर्डवर नाहीत. ढोबळे तर फोनवर कुणाला दिसत नसतानाही खरोखरच दोन्ही हात वर करायचे.

पावणेबाराला हाना फोनवर आली. बोलणं अर्थातच इंग्रजीत झालं, मी ते आपल्या भाषेत सांगते.

“शुभ दुपार, नलिनी. यादी वाचूया?”

“दोनदा पाठवली आहे.”

“पाठवलेली मी वाचली. वाचून दाखवलेली ऐकली नाही.”

मी टेबलावरचा कागद उचलला आणि वाचला. आठ ओळी. चार मिनिटं लागली. त्या यादीतली एकेक ओळ मी स्वतः ठरवलेली होती, हे नेटवर्क उभं राहिलं तेव्हा. मला कागदाचीही गरज नव्हती.

“धन्यवाद,” हाना म्हणाली. “आता माझी.” आणि तिनं तिची वाचली, सावकाश, प्रत्येक ओळीनंतर थांबून. तिच्या यादीत मला काही चूक सापडेना. मी दोन ठिकाणी शंका काढल्या. तिनं शांतपणे दोन्हींची उत्तरं दिली. मी तिसरी काढली.

“नलिनी,” ती म्हणाली, “तुमच्या सांगण्यावरून मी एक बदल करून बघते. पण मला वाटत नाही की चूक इथं आहे.”

“करून तर बघा.”

ढोबळ्यांनी हात वर केले. मीही म्हटलं, “हात वर.” तिनं बदल केला. आम्ही दोन मिनिटं थांबलो. ढोबळ्यांनी मार्ग पुन्हा तपासला आणि नुसती मान हलवली. लंडन. न्यूयॉर्क.

तिनं बदल मागं घेतला. मी दुसरा सुचवला. तोही करून झाला. असं करता करता सव्वा वाजला. खालून निरोप आला की माळावरची दुर्बीण तयार आहे. रुखसानानं वहीवर काहीतरी लिहिलं आणि खोडलं.

“मी वीस मिनिटांत येते,” हाना म्हणाली. “दुर्बिणीवरच्या लोकांना सांगायला हवं की अजून ठरत नाही.”

फोन शांत झाला. मी म्हणाले, “हट्टी बाई आहे. आपली चूक मान्य करायला हवी ना.”

तेव्हा रुखसाना बोलली. खोलीत येऊन बसल्यापासून पहिल्यांदाच.

“मॅडम, एक विचारू का? राग नका मानू.”

“विचार.”

“तुम्ही कागदावरून वाचलात. त्या बाई वाचताना मधेच म्हणाल्या, ‘थांबा, स्क्रीन पुढं सरकवते.’ म्हणजे त्या मशीनवरून वाचत होत्या.”

“मग?”

“नाही, काही नाही. तुम्हीपण मशीनवरून वाचलं असतं तर...”

“रुखसाना,” मी म्हणाले, आणि आवाज चढला होता ते मला कळत होतं. “हे नेटवर्क मी उभं केलंय. ती यादी मी लिहिली. तू तेव्हा शाळेत होतीस. कागदावर एक आणि मशीनमध्ये दुसरं असं आमच्याकडे होत नाही.”

तिनं मान खाली घातली नाही. “ओ मॅडम, माझ्याकडं दुसरं काहीच नाही ना करण्यासारखं,” ती म्हणाली. “त्यांच्याकडचं सगळं बघून झालं. आता न बघितलेली जागा एवढीच राहिली की हो.”

ढोबळे खिडकीबाहेर बघत म्हणाले, “पाच मिनिटांचं काम आहे, बाई. झालंच तर पोरीचं समाधान होईल.”

मी टेबलावरचा कागद पुन्हा पुढं ओढला. ढोबळ्यांनी तेच हो समजून वाटा ठरवणारं ते मशीन, म्हणजे राउटर, पडद्यावर उघडलं.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. मी कागद घेऊन बसले, प्रत्येक ओळीवर पेन्सिलीनं बरोबरची खूण करत. एक, दोन, तीन. शाळेत पाढे म्हणवून घेतात तसं चाललं होतं. सात. आठ.

“झालं,” मी म्हणाले.

“नऊ,” ढोबळे म्हणाले.

“आठच आहेत.”

“नऊ,” ते पुन्हा म्हणाले, आणि आकडे वाचले. मग म्हणाले, “दहा,” आणि तेही वाचले.

मी उठून त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. खाली दोन ओळी होत्या. आमच्या सगळ्या पत्त्यांचा जो एक मोठा पट्टा, त्यातले दोन छोटे तुकडे. फक्त बाजारातल्या वाटेवर सांगितलेले. त्यांच्यापुढे कुणीतरी शेरा लिहून ठेवला होता, असे शेरे राउटरमध्ये ठेवता येतात: ‘तात्पुरते. केबल दुरुस्त होईपर्यंत. न. पें.’ आणि तारीख, पाच वर्षांपूर्वीची.

न. पें. म्हणजे नलिनी पेंडसे. म्हणजे मी.

मला ती दुपार लख्ख आठवली. समुद्रातली केबल तुटली होती, संशोधनाची वाट बंद पडली होती, आणि मी घाईघाईनं या दोन तुकड्यांना दुसऱ्या वाटेवर टाकलं होतं. केबल आठवड्यानं जोडली गेली. सगळं सुरळीत चालू झालं, आणि मी त्या दोन ओळी काढायला विसरले. पाच वर्षांत कुणाचं काही अडलं नाही, त्यामुळे कुणी बघितलं नाही.

शनिवारी माझ्याकडे सोसायटीतली मुलं येतात, त्यांना हे मी असं सांगते. तुम्हाला सिन्नरला जायचंय. रस्त्याला फाटा आला. एका बाजूला रुंद रस्ता आहे आणि पाटी आहे ‘नाशिक जिल्हा’. दुसऱ्या बाजूला अरुंद बोळ आहे आणि पाटी आहे ‘सिन्नर’. तुम्ही कुठं वळाल? मुलं एका आवाजात सांगतात, बोळात. रुंद रस्त्याची कुणी कितीही स्तुती केली तरी? तरीही. कारण तिथं नाव लिहिलंय. इंटरनेटचा सगळ्यात पहिला नियम हाच आहे: जी पाटी जास्त नेमकी, तिचं ऐकायचं. बाकी मानपान त्याच्यानंतर. हाना आमच्या मोठ्या पट्ट्याला वाटेल तेवढा मान देत होती, पण माझ्या त्या दोन छोट्या पाट्या जगभर बोळाकडे बोट दाखवत उभ्या होत्या. आणि रुखसानाची यंत्रं नेमकी त्या दोन तुकड्यांपैकी एकात होती.

“काढू?” ढोबळ्यांनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम हलका झाला होता.

“थांबा.” माझं डोकं चालू लागलं होतं. “त्या तुकड्यांत आणखी कोण आहे?”

ढोबळ्यांनी बघितलं. “साठेक कॉलेजं. आणि बाई, आज परीक्षेचे फॉर्म भरायचा शेवटचा दिवस.”

“या दोन ओळी काढल्या आणि आपला मोठा पट्टा बाजाराच्या बाजूला सांगितलेला नसला, तर?”

“तर साठ कॉलेजं घरी बसली.”

“वाचा. त्या बाजूचं सगळं वाचा. मशीनवरून.”

त्यांनी वाचलं. मोठा पट्टा होता, तिसऱ्या ओळीत. मी त्यांना ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग रुखसानाला म्हणाले, “तू वाच.” तिनं बोट ठेवून एकेक आकडा वाचला. होता.

एक वाजून चाळीस मिनिटं. फोन खरखरला.

“मी आले,” हाना म्हणाली. “इथले लोक विचारताहेत की थांबायचं की दुसऱ्या कुणाला वेळ द्यायचा.”

त्या फोनवर आम्ही तिघंच नव्हतो. मधल्या वाटेवरच्या नेटवर्कांची माणसंही ऐकत होती, मुंबईची, जिनिव्हाची. सात दिवस मी लिहिलेली पत्रं त्यांनीही वाचलेली होती.

“हाना,” मी म्हणाले, “चूक माझी आहे. मी यादी कागदावरून वाचत होते. मशीनमध्ये दोन ओळी जास्त आहेत, पाच वर्षांपूर्वी मीच घातलेल्या. तुमच्याकडे काहीही चूक नव्हती.”

मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार, आणि ते माझं हक्काचं होतं.

“छान,” हाना म्हणाली, आणि तिच्या आवाजात चक्क आनंद होता. “सापडलं! वाचा त्या दोन ओळी. पटकन.”

मी वाचल्या. ती लिहून घेत असल्याचा आवाज येत होता. “दिसतात मला,” ती म्हणाली. “अरे देवा, इतक्या स्पष्ट दिसतात. मी सारखी तुमचा मोठा पट्टाच शोधत होते. मी तुमच्या मशीनचा नेमका पत्ता मागायला हवा होता. ठीक आहे. कॉलेजं वगैरे?”

“बघितलं. सुरक्षित आहेत.”

“मग तुमचा बदल. पोझनान, हात वर.”

“जिनिव्हा, हात वर.”

“मुंबई, हात वर.”

ढोबळ्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला आणि दोन्ही हात डोक्यावर नेले. रुखसानानंही वही खाली ठेवून हात वर केले. आज आठवलं की हसू येतं, पण तेव्हा कुणी हसत नव्हतं. मी पहिली ओळ काढली. दुसरी काढली. दोन्ही वेळा काय टाइप करते आहे ते मोठ्यानं म्हणत.

जगभर अशी बातमी पोचायला दीड-दोन मिनिटं लागतात. एक राउटर दुसऱ्याला सांगतो, दुसरा तिसऱ्याला. ढोबळे दर दहा सेकंदांनी मार्ग तपासत होते.

“लंडन... न्यूयॉर्क.”

“लंडन... न्यूयॉर्क.”

“लंडन... बंद. पुढं काहीच येईना.”

“येईल,” हाना म्हणाली. “जुनी वाट विसरायला वेळ लागतो.”

मी साठ कॉलेजांचा विचार करत होते. खालच्या मजल्यावरचा टेलिफोन वाजला असता, तर मी मटकन खालीच बसले असते.

“फ्रँकफर्ट,” ढोबळे म्हणाले. “जिनिव्हा.” ते उभे राहिले. “मुंबई! बाई, मुंबई! जिनिव्हावरून थेट मुंबई! नऊ मुक्काम!”

“कॉलेजं?”

त्यांनी तीन कॉलेजांची पानं बाहेरच्या बाजूनं उघडून बघितली. तिन्ही उघडली. ढोबळ्यांनी टेबलावर अशी थाप मारली की माझा चष्मा खाली पडला. फोनमधून टाळ्यांचा आवाज आला. तो जिनिव्हाहून आला की पोझनानहून, मला आजही माहीत नाही.

“बोल, रुखसाना,” मी म्हणाले. “तुझी वाट मोकळी आहे.”

आम्ही तिघंही जिन्यावरून धावत खाली गेलो. सत्तावन्नाव्या वर्षी मी दोन दोन पायऱ्या उतरले. दोन वाजून दहा मिनिटांनी पोलंडची दुर्बीण ताऱ्याकडे वळली आणि पडद्यावरची रेघ शून्यावरून उठली. शंभर. दोनशे. एकशे पंचावन्नाचा आकडा ओलांडला तेव्हा ढोबळ्यांनी माझा दंड धरला होता. पाचशे बाराला रेघ सरळ झाली आणि तशीच राहिली.

पण गोष्ट इथं संपत नाही. माझं काम संपलं होतं, तिचं आता सुरू झालं होतं.

वीस मिनिटांची माहिती एकत्र झाल्यावर पहिलं चित्र आलं. काळ्या पडद्यावर एक पुसट डाग. एकच. जरासा लांबट म्हटला तर लांबट.

“एकच आहे,” रुखसाना म्हणाली.

फोनवर हाना होती. “इथल्या खगोलवाल्यांचा प्रश्न आहे: आहे तसंच चालू ठेवायचं की वरच्या वारंवारतेवर जायचं?”

मी रुखसानाकडे पाहिलं. तिनं मला भराभरा समजावलं. वरच्या वारंवारतेवर नजर बारीक होते, दोन असतील तर वेगळे दिसतील. पण तिथं ताऱ्याचा आवाज फार क्षीण. बदलायला बारा मिनिटं जाणार, आणि तिचं गणित चुकलं असलं तर हाती हा एक डागही उरणार नाही. आहे तसंच चालू ठेवलं तर निदान एक चांगलं, स्वच्छ चित्र मिळेल. गोल फुग्याचं. इतर सगळ्यांच्या बाजूचं.

“सर म्हणतील, एवढं तरी घे,” ती म्हणाली. “माझंच चुकलं असेल, मॅडम. इतके मोठे मोठे लोक म्हणतात गोल असतं म्हणून.”

“तुझं गणित कुठं आहे?”

“ह्या वहीत.”

“वही नको. मशीनमध्ये जे घातलंस ते काढ. आणि वाच. मोठ्यानं.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग स्क्रीन उघडला आणि वाचायला लागली. ताऱ्याची जागा. स्फोटाची वेळ. वायूचा वेग. अंतर. प्रत्येक आकडा झाला की मी विचारत होते, “हा कुठून आला?” आणि ती सांगत होती. पोलंडमध्ये हाना ऐकत होती. वेळ जात होता, आणि मी तिला घाई करू दिली नाही. सहा मिनिटं लागली. सगळे आकडे जिथं असायला हवे तिथं होते.

शेवटचा वाचून झाल्यावर तिनं वही मिटली.

“बरोबर आहे,” ती म्हणाली. मग फोनकडे वाकून इंग्रजीत, अगदी स्पष्ट: “वरच्या वारंवारतेवर जा, प्लीज.”

“खात्री आहे?” हानानं विचारलं.

“हो. मी वाचून बघितलंय.”

बारा मिनिटं पडदा काळा होता. ढोबळे येरझाऱ्या घालत होते. माळावरून फोन आला की तारा आता डोंगराच्या कडेला टेकायला आलाय, पंधरा-वीस मिनिटं धरून चला. माहिती पुन्हा सुरू झाली. पाचशे बारा. रेघ सरळ. रुखसाना खुर्चीच्या अगदी कडेवर बसून ओठ हलवत होती. आकडे मोजत होती की दुआ मागत होती, मी विचारलं नाही.

तीन वाजून एकवीस मिनिटांनी चित्र आलं.

ज्याला त्याला वाटत होतं की आपल्याला हवं तेच दिसतंय की काय. शेवटी ढोबळे पुढं झाले, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पडद्याला नाक लावलं.

“मला ह्यातलं काही कळत नाही,” ते म्हणाले. “पण मला तर दोन दिसतात. हा एक, आणि हा एक. मधे अंधार आहे. का माझा चष्मा बदलायला झालाय?”

“नाही, ढोबळेकाका,” रुखसाना म्हणाली. “दोनच आहेत.”

“दोन?” फोनमधून हाना ओरडली. “कुणी सांगेल का मला? दोन?”

“दोन!” आम्ही तिघंही एकदम ओरडलो.

रुखसाना खुर्चीवरून उतरली आणि सरळ फरशीवर बसली, मांडी घालून, परकरातली पोर बसते तशी. तिनं ढोबळ्यांकडे हात पुढं केला. त्यांनी खिशातलं पेन दिलं. तिनं वही उघडली, तारीख घातली, वेळ घातली. मग थांबली, मान वर करून पडद्याकडे बघत प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणत तिनं ओळ लिहिली. लिहून झाल्यावर वही माझ्यापुढे धरली.

“वाचा, मॅडम,” ती म्हणाली. “बरोबर लिहिलंय का बघा.”